‘उचल’ म्हणजे मजुरी की कर्ज?

कृष्णाकाठ (सांगली) : नमस्कार. मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. सध्या ऊसतोड करणाऱ्या एका बाईंचा जबाब इंग्रजीत करायचा आहे. 2022 च्या हंगामात वाळवा तालुक्यातल्या उसाच्या एका फडात त्यांची डाव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. दावा 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली आहे. जबाबातलं एक वाक्य असं : “आमच्या कोयत्यावर उचल होती, ती फिटली नव्हती, म्हणून चौथ्या दिवशी पट्टी बांधून परत फडात गेले.” ‘कोयता’ म्हणजे इथं जोडीनं ऊस तोडणारे नवरा-बायको, आणि ‘उचल’ म्हणजे मजूर आणणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे. ‘उचल’ला मी ‘अ‍ॅडव्हान्स’ लिहिलं. वकीलसाहेबांनी त्याखाली रेघ मारली. म्हणाले, मजुरीपोटी आधी दिलेले पैसे असं स्पष्ट लिहा, नाहीतर समोरचे म्हणतील ही उसनवारी, मालक-मजूर नातं नाहीच. पण बाईंच्या तोंडात नसलेला शब्द मी कसा घालू?

ऊसवाला (कराड) : उचलीत कर्ज कुठून आलं? आमच्याकडं दरवर्षी ‘पहिली उचल किती’ यावरच रस्त्यावर उतरावं लागतं. ऊस कारखान्याला गेला की त्याच्या दराचा जो पहिला हप्ता पडतो ती उचल. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्या म्हटलंय, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. उचल म्हणजे हक्काचे पैसे. तसंच लिहा.

पाटोद्याची लेक (सध्या मिरज) : दादा, एकाच फडात दोन उचली असतात. तुमची ऊस गेल्यावर येते, आमची ऊस तोडायच्या आधी, पावसाळ्यात, घरात दाणा नसताना. तुम्हाला उशिराचं व्याज मिळतं, आमच्यावर खाडे, म्हणजे चुकलेल्या दिवसाचा दंड, लागतात. तुमची उचल खात्यावर जमा होते, आमची अंगावर असते. माझे आईवडील शिराळ्याकडं तोडीला यायचे. मुकादमाची वही अजून डोळ्यांसमोर आहे, लांबट, लाल कापडाच्या बांधणीची. एका कोयत्याला एक ओळ. ओळीत वडिलांचं नाव, पुढं आकडा, आकड्यावर निळा अंगठा. आई वडिलांच्या बरोबरीनं तोडायची, मोळ्याही तीच उचलायची, पण तिचं नाव त्या वहीत कुठंच नव्हतं. वडील गेल्यावर पुढच्या हंगामात तिला ‘अर्धा कोयता’ म्हणून घेतलं.

जुना कारकून (सातारा) : भावना समजतो. पण कोर्टात बोली चालत नाही. ‘अग्रिम’ हा नेमका शब्द आहे. सण अग्रिम, घरबांधणी अग्रिम आम्ही आयुष्यभर लिहिलं. प्रमाण शब्द असताना उचल-बिचल कशाला?

कृष्णाकाठ : काका, जबाब बाईंना वाचून दाखवायचा असतो. ‘अग्रिम’ म्हटलं तर त्या सही कशावर करताहेत हे त्यांना कळणार नाही. अंगठ्याची चूक पुन्हा नको.

वकील (मिरज) : उचलीपेक्षा ‘कोयत्या’कडं बघा. आकडा तिथंच ठरणार आहे. हे काम कायद्याच्या अनुसूचीत बसतं का, हा वाद वेगळा. तो सुटला असं धरा. तर्जनी पूर्ण गेली की कमाईची ताकद 14 टक्के घटली असं कायदा धरतो. वय 30 असेल तर कायद्यातल्या तक्त्यातला वयाचा गुणक 207.98. कोयत्याची मजुरी समजा महिना 20,000. त्यातले निम्मे बाईंचे धरले तर 10,000 चे 60 टक्के 6,000, गुणिले 207.98, त्याचे 14 टक्के : 1,74,703 रुपये. सगळी मजुरी एकाच माणसाची धरली तर कायद्यातली महिना 15,000 मजुरीची मर्यादा लागून 2,62,055. आणि कोयता म्हणजे फक्त वहीतला नवरा धरला, तर बाईंना शून्य. भाषांतरात ‘कोयता’ला नुसतं हत्यार लिहू नका, कळकळीनं सांगतो. दुसरं, उचलीसाठी माणूस बांधला गेला असं सिद्ध झालं तर 1976 चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा येतो, मग ती फेडायची जबाबदारीच संपते. कर्ज हा शब्द दर वेळी मजुराच्या विरोधात जातोच असं नाही.

जुना कारकून : ‘वेठबिगार’ ही मुळात द्विरुक्ती आहे. वेठ आली संस्कृत ‘विष्टि’वरून, बिगार फारसी. दोन्हींचा अर्थ फुकट राबवणं. नुसतं ‘वेठ’ पुरे.

ऊसवाला : आणि आमच्याकडं ‘बिगारी’ म्हणजे गवंड्याच्या हाताखालचा माणूस, संध्याकाळी रोज मोजून घेणारा. फुकट राबत नाही तो. शब्द कुठून आला यापेक्षा आज कोण वापरतं ते बघा की.

जुना कारकून : असं केलं तर पुढच्या पिढीला मूळ कळणार नाही.

पाटोद्याची लेक : ताई, ‘फिटली नव्हती’चं काय केलंत?

कृष्णाकाठ : ‘परत केली नव्हती’ असं लिहिलंय.

पाटोद्याची लेक : तिथं चुकलं. आम्ही उचल कधी परत केली नाही. परत करायला पैसे असते तर घेतली कशाला असती? ती टनावर, म्हणजे तोडलेल्या उसाच्या मजुरीतून, वळती व्हायची. सावकाराचं फेडायचं पैशानं, उचल फिटायची तोडीनं. तुमच्या वकिलांना हवी ती मजुरी या ‘फिटली’तच आहे. नवीन शब्द घालायची गरज नाही.

जुना कारकून : मान्य नाही. कर्जही फिटतंच. ‘बँकेचं कर्ज फिटलं’ असं सगळे म्हणतात. क्रियापदावरून नातं सिद्ध होत नाही.

कृष्णाकाठ : परवा सकाळी वाचून दाखवायचं आहे. ‘फिटणं’ म्हणजे काय ते बाईंनाच विचारते.

ऊसवाला : फिटणं म्हणजे मूळात सुटणं. माझी आजी म्हणायची, लुगडं फिटलं, गाठ फिटली. मोळी वाढ्यानं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यानं, नीट आवळली नाही तर गाडीत टाकताना फिटते, आजही हाच शब्द आहे फडात. पैशाला तो नंतर लागला असणार.

जुना कारकून : मग ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ यात काय सुटलं?