पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) पेटवायची की विकायची?

एका दादांनी लिहिलंय, कोळसा बंद करा, सोलर लावा, बाकी आपोआप होईल. एकदा चंद्रपूरकडे चक्कर मारा म्हणतो. इथलं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. त्यावर फक्त पगारी माणसं जगत नाहीत. ट्रकवाला, टायरवाला, तर्रीपोहेवाला, सगळे आले.

आता आमच्या वावराचं सांगतो. २०२१ च्या केंद्राच्या धोरणात वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के बायोमास पेलेट (शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) मिसळायला सांगितलं होतं. कागदावर झकास! मागच्या साली गावात पेलेटवाला आला. भाव ठरला, पण पऱ्हाटी उपटून, ट्रॉलीत भरून पोचवायची आम्हीच. फुगीर माल तो. ट्रॉली डोंगरासारखी दिसते, काट्यावर गेली की वजनच भरत नाही. मजुरी-डिझेल वजा जाता हातात काही उरेना. उरलेली धुऱ्यावर (बांधावर) रचली आणि काडी लावली. (वेळेत वावर साफ झालं तर गुलाबी बोंडअळीही कमी होते, म्हणून ठेवूनही चालत नाही.)

गावातच पऱ्हाटी बारीक करणारी कुट्टी मशीन असती तर त्याच ट्रॉलीत कितीतरी जास्त माल बसला असता. खाणींच्या जिल्ह्यांत २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, खाणवाल्यांच्या पैशातून खाणीची झळ बसलेल्या गावांसाठीचा. खाणपट्ट्यातल्या गावांना त्यातून मशीन द्या, खाणीतल्या पोरांना ती चालवायला शिकवा. पेलेट कंपन्यांनी तीन-चार वर्षांचा खरेदी करार लिहून द्यावा, भाव वावरातून माल उचलण्याचा धरून. तोंडी बोलण्यावर बँक कर्ज देत नाही.