मदत हवी आहे: ‘व्हीगन’ हे पंगतीत कसं सांगायचं?

आमचं घर कोल्हापूरचं. तांबडा-पांढरा रस्सा घरचाच, त्यामुळे मटण खाणाऱ्याला कधी कोणी ‘का खातोस?’ विचारत नाही. न खाणाऱ्यालाही नाही, जर कारणाला नाव असेल तर. माळकरी आहे, श्रावण पाळतो, गुरुवार आहे, जैन आहे, एवढं म्हटलं की वाढणारा पुढे सरकतो. माझ्या न खाण्याला मात्र असं नावच नाही. दोन वर्षं झाली, मी व्हीगन आहे, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाही: मटण-अंडी तर नाहीच, दूध, दही, तूप, मधही बंद आहे. ‘शाकाहारी’ म्हटलं की वरणभातावर तूप पडतं. आपल्याकडे पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यातही दूध बसतंच.

‘दूध-तूप चालत नाही’ सांगून पाहिलं. लोक ताक आणून देतात. ‘ॲलर्जी आहे’ सांगा असं सुचवू नका, खोटं बोलायचं नाही. बी-१२ची गोळी चालू आहे, तब्येतीचा प्रश्न नाही. तेलाची फोडणी, नारळाचं दूध चालतं. वेगळा स्वयंपाकही नको, भाकरी-ठेचा पुरतो.

पुढच्या महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे. आजीला वाटतं, मी तिच्या हातचं नाकारतो. ते मला फार लागतं.

तुमच्यापैकी जे गावाकडच्या पंगतीत हे निभावतात, ते आचाऱ्याला आणि घरच्या मोठ्यांना नेमक्या कोणत्या मराठी शब्दांत सांगतात? आणि ‘मटण सगळेच खातात, तुझंच काय वेगळं?’ याला, समोरच्याला दोषी न ठरवता, काय उत्तर देता?