१६०९ चा बारा वर्षांचा युद्धविराम डचांच्या हिताचा होता का?

बखरकार (धागाकर्ता): ९ एप्रिल १६०९ रोजी अँटवर्प येथे स्पेन आणि बंडखोर डच प्रांत यांच्यात बारा वर्षांचा युद्धविराम ठरला. तो डचांचा विजय होता असे सर्रास लिहिले जाते. माझ्या मते तो त्यांना महागात पडला. १६०७ साली एप्रिलमध्ये जिब्राल्टरजवळ डच आरमाराने स्पॅनिश जहाजांचा धुव्वा उडवला होता आणि वर्षअखेरीस फिलिप तिसऱ्याच्या दरबाराला सावकारांची देणी थांबवावी लागली होती. शत्रू असा टेकीला आला असताना त्याला उसंत देण्यात कोणते शहाणपण होते? शिवाय बाहेरची लढाई थांबताच घरातली पेटली. ज्या ओल्डनबार्नफेल्ट या डच मुत्सद्द्याने हा करार घडवून आणला, त्यालाच सेनापती मॉरिसने १६१८ मध्ये कैद केले आणि १३ मे १६१९ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, हेग येथे त्याचा शिरच्छेद झाला.

चौकस: साफ असहमत. घरातली लढाई ज्यावरून पेटली तो आर्मिनियस आणि गोमारस या धर्मशास्त्राच्या दोन प्राध्यापकांचा धार्मिक वाद लायडन विद्यापीठात १६०४ पासूनच धुमसत होता. त्याचे खापर युद्धविरामावर फोडता येणार नाही. मुळात करारनामा वाचावा. पहिल्याच कलमात डच प्रांतांशी, ज्यांच्यावर आपला काही दावा नाही अशी स्वतंत्र राज्ये समजून, बोलणी केल्याचे स्पेनच्या बाजूने मान्य केले आहे. डचांनी पूर्वेकडील व्यापार सोडावा आणि कॅथलिकांना उघड उपासनेची मुभा द्यावी, या माद्रिदच्या दोन मुख्य मागण्या होत्या. यांपैकी एकही पदरात पडली नाही. चौथ्या कलमात तर इंडीज (युरोपबाहेरचे हे व्यापारी प्रदेश) हा शब्दच येऊ दिलेला नाही. युरोपबाहेरच्या व्यापाराविषयी इतके आडवळणाने लिहिले आहे की राजाची अब्रूही राहावी आणि डच जहाजेही निघावीत. मसुदा लिहिणाऱ्यांना दाद द्यावी लागते.

तिरकस: त्या आडवळणाचा आशियात काय उपयोग झाला, तेही पाहू. पोर्तुगालचा मुकुट तेव्हा फिलिपच्याच डोक्यावर असल्यामुळे गोव्याचा व्हाइसरॉय त्याचाच चाकर होता. डचांनी १६१० मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर पुलिकत येथे वखार घातली आणि १६१२ मध्ये सां थोमेच्या (आजच्या चेन्नईतील ठाणे) पोर्तुगीजांनी ती उद्ध्वस्त केली. युद्धविराम चालू असतानाच! अर्थात डचही काही साधुसंत नव्हते. १६१९ मध्ये त्यांनी जयकार्ता (आजचे जकार्ता) काबीज केले, पण ते जावातील बांतेनचे राज्य आणि इंग्रज यांच्याशी झालेल्या झगड्यात. त्यामुळे तो मुद्दा इथे लागू पडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चौकस: आशियातील उल्लंघन मान्य आहे. परंतु १६२१ मध्ये मुदत संपल्यावर पुन्हा २७ वर्षे लढून १६४८ मध्ये म्युन्स्टरला जो तह झाला, त्यातही गाभा तोच होता: स्वातंत्र्याची मान्यता, पूर्वेचा व्यापार आणि कॅथलिकांच्या प्रश्नावर माघार नाही. जे १६०९ मध्ये मुदतीने मिळाले होते, तेच कायमचे झाले.

बखरकार: ‘तेच’ कसे? १६०९ ची सीमा आणि १६४८ ची सीमा नकाशावर शेजारी ठेवून पाहा. डेन बॉश १६२९ मध्ये, मास्त्रिख्त १६३२ मध्ये आणि ब्रेडा १६३७ मध्ये डचांच्या हाती आले. यांतले ब्रेडा युद्धविरामाच्या काळात त्यांच्याकडेच होते. स्पेनचा सेनापती स्पिनोला याने ते १६२५ मध्ये घेतले, त्यामुळे ते हिशेबातून वगळतो. उरलेली दोन शहरे मात्र लढूनच मिळाली, वाटाघाटींच्या टेबलावर नव्हे.