वृद्धनिवासातील जुनी धोक्याची घंटा : दुरुस्त करावी की नवी बसवावी?

कळंबा_निवास
नमस्कार. कोल्हापूरच्या कळंब्याजवळ आमच्या ट्रस्टचे ज्येष्ठांसाठीचे निवासस्थान आहे. दोन मजले मिळून 28 खोल्या आहेत. प्रत्येक पलंगाशेजारी बटण आणि न्हाणीघरात ओढायची दोरी आहे. त्यांपैकी काहीही वापरले की खाली वॉचमनच्या खोलीतील पॅनेलवर त्या खोलीचा दिवा लागतो आणि बझर वाजतो. ही यंत्रणा 14 वर्षांपूर्वीची असून ती बसवणाऱ्याने व्यवसाय केव्हाच बंद केला आहे.

गेल्या महिन्यात एक आजी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि घंटा वाजलीच नाही. शेजारच्या खोलीतील काकांना त्यांची हाक ऐकू गेली, म्हणून वेळेवर मदत मिळाली. नंतर पाहिले तर फरशी धुताना भिजू नये म्हणून कोणीतरी दोरी नळाला गुंडाळून ठेवली होती. ती सोडवून ओढली तरीही खाली दिवा लागला नाही, कारण भिंतीतील वायर तुटलेली होती. ती किती दिवसांपासून तुटलेली होती, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही. आता काही विश्वस्तांचे मत सगळे काढून गळ्यात घालायची बिनतारी बटणे आणि मोबाईल ॲप घ्यावे असे आहे, तर काहींच्या मते केवळ दुरुस्ती पुरेशी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वायरमन_शाहूपुरी
वायर आज ना उद्या तुटणारच. खरी अडचण ही आहे की ती तुटल्याचे आपल्या पॅनेलला समजत नाही. जुन्या पद्धतीत बटण दाबल्यावरच सर्किट पूर्ण होते आणि एरवी ते उघडे असते. त्यामुळे तुटलेली वायर आणि शांत रात्र या दोन्ही गोष्टी पॅनेलला सारख्याच दिसतात. यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. प्रत्येक खोलीच्या वायरच्या शेवटच्या टोकाला एक रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा छोटा भाग) जोडायचा आणि त्यातून सतत अल्प प्रवाह वाहता ठेवणारे पॅनेल घ्यायचे. प्रवाह थांबला की वायर तुटल्याचा वेगळा दिवा लागतो. म्हणून माझा सल्ला असा की वायरिंग शक्यतो तेच ठेवावे आणि पॅनेल बदलावे. त्यापूर्वी मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, वायरिंगचे इन्सुलेशन तपासून घ्या; मात्र तपासताना पॅनेल सोडवून ठेवा, नाहीतर आतले इलेक्ट्रॉनिक्स जळेल.

बॅटरीकडे बहुतेक ठिकाणी कोणीच बघत नाही. 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते, तीही उकाड्याच्या बंद खोलीत नसेल तर. ती पॅनेलवर जोडलेली दिसते, दिवाही हिरवा असतो, आणि वळिवाच्या पावसात लाईट गेली की दहा मिनिटांत दम तोडते. त्यामुळे महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून, काही तास नुसत्या बॅटरीवर यंत्रणा चालवून, घंटा वाजवून पाहावी. 2019 आणि 2021 च्या महापुरात आमच्याकडे पाणी मीटरपर्यंत आले होते. कळंब्याला पुराची तशी भीती नसली तरी वीज जाऊ शकते, हे गृहीत धरूनच बॅटरीचा हिशेब करावा.

विश्वस्तांना बाहेरच्या मोबाईलवर फोन जावा असे वाटत असेल, तर सिमकार्डवरचा डायलर पॅनेलला जोडता येतो. तो 2जी घेऊ नका; जिओचे सिम त्यात चालतच नाही. रिचार्ज संपल्यामुळे मुका झालेला डायलर मी स्वतः पाहिला आहे, म्हणून रिचार्जची तारीख पॅनेलवरच चिकटवावी.

निवृत्त_परिचारिका
वायरमन दादांचे म्हणणे पटले, पण आजींच्या बाबतीत वायर शाबूत असती तरी उपयोग नव्हता, कारण दोरी नळाला गुंडाळलेली होती. पडलेला माणूस उठू शकत नाही. त्यामुळे दोरीचे टोक जमिनीपासून सुमारे 10 सेंटीमीटरवर हवे आणि त्याला बांगडीसारखे कडे हवे, म्हणजे थरथरत्या हाताच्या बोटांतही ते अडकते. दोरी सुती न घेता प्लॅस्टिकची, पुसता येईल अशी घ्या, म्हणजे ती गुंडाळण्याचे कारणच उरणार नाही.

दुसरे म्हणजे, घंटा बंद करण्याचे बटण वॉचमनजवळ नव्हे, त्या खोलीतच असावे. खाली बसून बझर बंद करता येत असेल, तर रात्री तीन वाजता जिना चढण्याआधी माणूस विचार करतो. आणि आपल्याकडच्या ज्येष्ठांना ‘उगाच कशाला त्रास द्यायचा’ असे वाटते. म्हणून दर सोमवारी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने दोरी ओढून पाहावी आणि वहीत सही करावी. त्यातून चाचणीही होते आणि संकोचही मोडतो.

करवीरकर_लीड्स
मी इंग्लंडमध्ये अशाच निवासांच्या देखभालीचे काम करतो. येथील बहुतांश यंत्रणा वर्षानुवर्षे जुन्या तांब्याच्या टेलिफोन लाईनवर चालत आल्या. ती लाईन बंद करण्याची मुदत डिसेंबर 2025 होती. ती पुढे जानेवारी 2027 पर्यंत वाढवण्यात आली आणि या धोक्याच्या घंटांवर अवलंबून असलेल्या लोकांची काळजी हे त्यामागचे एक मोठे कारण होते. जुन्या लाईनला वीज एक्स्चेंजकडून मिळत असे. इंटरनेटच्या लाईनला घरातला राऊटर लागतो आणि लाईट गेली की तोही जातो. तुमच्या विश्वस्तांना वायफायवर चालणारे ॲप हवे असेल, तर राऊटर कोणत्या इन्व्हर्टरवर आहे, हे आधी विचारा.

गळ्यातली बटणे वाईट नाहीत. बागेत फिरणाऱ्यांना त्यांचा उपयोग होतो. पण ठरावीक वेळाने स्वतःहून चालू असल्याचा संदेश पाठवणारी आणि सेल उतरत आल्याचे कळवणारी असतील तरच घ्यावीत. अंघोळीला जाताना लोक ती खुंटीला अडकवून ठेवतात, म्हणून न्हाणीघरातील दोरी मात्र काढू नका.

कळंबा_निवास
सर्वांचे आभार. काल मेन स्विच बंद करून 28 खोल्यांतील बटणे आणि दोऱ्या एकामागून एक तपासल्या. आजींची खोली धरून चार खोल्यांच्या वायर तुटलेल्या निघाल्या आणि अकराव्या खोलीपर्यंत पोहोचेपर्यंत बॅटरी संपली. उरलेल्या खोल्या लाईट चालू करून तपासाव्या लागल्या. नव्या पॅनेलसाठी आणि मेगर तपासणीसाठी तीन दरपत्रके मागवत आहोत. बॅटरी आजच बदलली.