ऑटिझमचा कोर्स केला की लगेच स्पेशालिस्ट?

खडूफळा:
परवा इथे एका ताईंनी लिहिलं होतं, ‘ऑटिस्टिक व्यक्तींना समजून घेण्याचा आणि आधार देण्याचा कोर्स घरबसल्या पूर्ण केला. आता ऑटिझम स्पेशालिस्ट म्हणून मार्गदर्शन करते आहे. गरजूंनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.’ खाली अभिनंदनाची ही मोठी रांग. तिथेच चार ओळी लिहायला बसले, त्या आवरेनात, म्हणून वेगळा धागा.

कोर्सशी माझं वैर नाही, मी तोच करून या कामात आले. पण तो तोंडओळखीपुरता असतो. वर्कबुक भरायचं, ट्यूटर शेरा मारून परत पाठवणार, आपण दोन वाक्यं वाढवून पुन्हा देणार, पास. ‘संवेदनांच्या अतिरेकाची तीन उदाहरणे लिहा’ याचं उत्तर आयुष्यात एकाही ऑटिस्टिक माणसाला न भेटता लिहिता येतं, आणि लोक लिहितात. केस स्टडीतला मुलगा कायम आठ वर्षांचा आणि कायम रेल्वेवेडा. मुली नाहीत, पन्नाशीतले नाहीत, न बोलणारे तर नाहीतच.

हातात कोरं करकरीत प्रमाणपत्र असलं की काय होतं ते सांगते. आमच्याकडे एक मुलगा चित्रांच्या वेळापत्रकातलं पोहण्याचं कार्ड रोज सकाळी उचकटून मोज्यात खुपसायचा. नव्याने शिकून आलेल्या सहायकाने नोंद केली, ‘विरोधी वर्तन’, आणि कार्डाला चिकटपट्टी लावली. मग तो फळाच पाडायला लागला. शेवटी सफाईच्या मावशी म्हणाल्या, ‘अहो, तलाव दुरुस्तीला बंद आहे ना? जे होणार नाही ते काढतोय तो.’ वेळापत्रक त्याला आमच्यापेक्षा नीट कळलं होतं. मावशींकडे कुठलंही प्रमाणपत्र नाही.

उंबरठा:
मावशींना दंडवत. पण अशा मावशी प्रत्येक ठिकाणी असतात का? आमच्या स्टाफरूममध्ये एका मुलीबद्दल ‘आई नोकरी करते, प्रेम मिळत नाही, म्हणून अशी झाली’ हे अजून बोललं जातं. आईच्या थंडपणाने मूल ऑटिस्टिक होतं, या बेटलहाइमच्या सिद्धान्ताचं भूत! रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच ते खोडून काढलं, तरी उतरायचं नाव नाही. लसींमुळे ऑटिझम होतो, याचंही तेच. तसं सुचवणारा डॉक्टर वेकफिल्डचा १९९८ चा लेख २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने मागे घेतला, पण फॉरवर्ड चालूच.

हा कचरा निदान एकदा तरी कोर्समध्ये झाडला जातो. ती मुलगी टेबलाखाली गेली की तिला पायाला धरून ओढत होते. हट्टाला प्रेक्षक लागतो, मेल्टडाउनला (ताण असह्य होऊन ताबा सुटतो त्याला) लागत नाही, एवढी एक ओळ कोर्समधून मिळाली आणि ती मुख्याध्यापकांना ऐकवता आली. प्रमाणपत्र नसतं तर माझं कोण ऐकणार होतं? तुम्ही शिडी चढून वर गेलात, आता ती काढून घेऊ नका.

तिरकस:
मी सकाळी ज्वालामुखींवर एक व्हिडिओ पाहिला. गरजूंनी व्यनि करावा.

आकडेमोड:
असल्या कोर्समध्ये एबीएला (बक्षीस आणि सरावातून वर्तन घडवण्याच्या पद्धतीला) खलनायक करून टाकलंय, त्यावर कुणी बोलत नाही. मानसशास्त्रज्ञ लोवासचा त्यावरचा १९८७ चा अभ्यास आहे: आठवड्याला ४० तास, १९ पैकी ९ मुलं सर्वसाधारण वर्गात पोचली. इथे सगळे भावना घेऊन बसलेत.

खडूफळा:
@आकडेमोड, कुठली मुलं ४० तासांच्या गटात आणि कुठली तुलनेच्या गटात, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं, तेही सांगा. मोठ्याने ‘नो’ आणि मांडीवर फटका हा पद्धतीचाच भाग होता, तेही सांगा. आठवड्याला ४० तास म्हणजे मोठ्या माणसांची नोकरी झाली, आणि मुलं चार वर्षांच्या आतली.

आकडेमोड:
फटके केव्हाच गेले. आता खेळातून शिकवतात. १९८७ वर अडून बसू नका.

खडूफळा:
१९८७ आणलं कुणी?

कोपरा:
मी ऑटिस्टिक आहे. निदान चाळिशी उलटल्यावर झालं. तो कोर्स मीही केला, माझ्याबद्दल लोकांना काय शिकवतात ते बघायला. लेखी भाग बरा होता. मग आला रोल-प्ले. मी आधार देणारा, समोरच्या बाई ‘ऑटिस्टिक’. त्या हात फडफडवत तेच तेच पुटपुटत होत्या, वर्गात हशा. शेरा मिळाला मला: ‘नजरभेट कमी, समोरच्याला आपुलकी जाणवत नाही.’ नजरभेटीची सक्ती करू नका असं ज्या धड्यात छापलंय, त्याच धड्याची परीक्षा!

संशोधक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहे. दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न त्याने २०१२ मध्ये मांडला. आम्ही तुम्हाला कळत नाही आणि तुम्हीही आम्हाला कळत नाही, मग गैरसमजाचं खापर एकट्या आमच्या डोक्यावर का? कोर्समध्ये याला एक परिच्छेद. पुढची सगळी पानं माझ्यात काय कमी आहे त्यावर.

आणि ते सिम्युलेशन! हेडफोनमध्ये किंचाळ्या, डोळ्यांसमोर लुकलुकते दिवे, जाड हातमोजे घालून मणी ओवा. मग सगळे डोळे पुसत, ‘बाप रे, हे लोक कसे जगत असतील!’ मी तेव्हा कान झाकून दाराबाहेर उभा होतो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

निवृत्त_बाबा:
सिम्युलेशनला नावं ठेवू नका. माझ्या मुलीला सार्वजनिक स्वच्छतागृहातल्या हात सुकवायच्या यंत्राचा आवाज सोसत नाही. त्यापायी आमचं बाहेर जाणं बंद झालं होतं. माझा थोरला भाऊ वर्षानुवर्षं एकच ऐकवायचा, ‘लाडावून ठेवली आहे.’ पुस्तकं दिली, उघडली नाहीत. डॉक्टरांशी गाठ घालून दिली, त्यांनाच शिकवून आला. शेवटी त्या सत्रात आणून बसवला. हेडफोन काढला तेव्हा चेहरा उतरला होता. ते वाक्य पुन्हा तोंडातून निघालं नाही.

कोपरा:
भाऊ गप्प झाला, आनंद आहे. पण शिकला काय? कीव करायला. मोठा आवाज वाईट, एवढंच त्याला कळलं. बाकी कुणाला ऐकूही न येणारी ट्यूबलाइटची घरघर मला बोलणाऱ्याच्या आवाजाइतकी मोठी येते, त्यातून वाक्य वेचून काढता काढता मी संध्याकाळपर्यंत रिकामा होतो, हे हेडफोनमध्ये कुठे आहे? शिवाय एखाद्या कापडाचा पोत बोटांत घोळवला की मला जो आनंद होतो, त्याचं सिम्युलेशन कुणी करत नाही. बरोबर, रडू येणार नाही ना त्याने.

निवृत्त_बाबा:
कीव तर कीव, टोमण्यांपेक्षा बरी. तुम्ही इथे एवढं लांबलचक लिहिता, माझी मुलगी बोलतसुद्धा नाही. तिच्या वतीने बोलायचा मक्ता तुम्हाला कुणी दिला?

कोपरा:
तुम्हाला कुणी दिला?

निवृत्त_बाबा:
रात्री तीनला ती डोकं आपटते तेव्हा उशी घेऊन भिंतीशी मी बसतो. त्याने दिला.

कोपरा:
मीही आपटायचो. उशी घेऊन कुणी बसलं नव्हतं. म्हणूनच सांगतोय, तुमच्या भावाला तिच्यासारखा आवाज ऐकवायची गरज नव्हती. तो आवाज थांबव, एवढं सांगणं पुरेसं होतं.

निवृत्त_बाबा:
माझ्या भावाला तुम्ही ओळखत नाही.

संपादक:
वैयक्तिक होऊ नका. पुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

उंबरठा:
अवांतरातच अवांतर. हेडफोनऐवजी आम्ही शिकायला येणाऱ्यांना त्यांच्याच संस्थेच्या जेवणाच्या हॉलमध्ये डोळे मिटून बसवतो. जे ऐकू येईल, ज्याचा वास येईल ते सगळं लिहायचं. फ्रीजची मोटर, भांड्यांचा ढीग, फिनेल, आणि सगळ्यांत वर फरशीवर खरवडणाऱ्या खुर्च्या. लगेच पुढचा प्रश्न, ‘यातलं काय आजच्या आज बंद करता येईल?’ एका ठिकाणी खुर्च्यांच्या पायांना जुने टेनिसचे चेंडू लावले. रडलं कुणी नाही, हॉल मात्र शांत झाला.

कोपरा:
हं. हे अगदीच टाकाऊ नाही.

निवृत्त_बाबा:
चेंडूंना पाठिंबा. भावाला हेडफोनच लागला असता.

खडूफळा:
उंबरठा, हे तुमच्या कोर्सच्या वर्कबुकात होतं का?

उंबरठा:
नव्हतं. पण कोर्स केला नसता तर हे सुचलंही नसतं. घ्या आता.

खडूफळा:
घेतलं. निम्मं. कोर्स करा, पण शिकवणाऱ्यांत एक तरी ऑटिस्टिक माणूस असावा आणि गुण देण्याआधी प्रत्यक्ष कामाचे तास असावेत. एवढं तरी मान्य?

आकडेमोड:
एबीएच्या प्रशिक्षणात देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम असतं, सहज आठवण करून देतो.

खडूफळा:
हे मात्र बरोबर बोललात. दुर्दैवाने.

नवी_पायवाट:
ज्यांच्या नावाने शंख चाललाय ती मीच. ‘स्पेशालिस्ट’ काढून ‘प्रमाणपत्रधारक’ केलंय. खूश? कोर्स का केला, हे एवढ्या प्रतिसादांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही. भाच्याच्या निदानासाठी रांगेत आहोत आणि तोवर घरात कुणाला तरी काहीतरी कळायला हवं होतं. व्यनि बरेच आलेत, अर्धेअधिक अशाच रांगेतले. तुमच्याकडे वळवू का, की तुम्हाला फक्त धागे काढायला वेळ असतो?

खडूफळा:
पाठवा. झेपतील तेवढ्यांना उत्तर देईन. आधी प्रत्येकाला एवढं विचारून ठेवा: मूल बोलतं का, आणि बोलत नसेल तर ‘नको’ कसं सांगतं.

कोपरा:
मूलच आहे का, तेही विचारा.