अगाग सोडला, राज्य गेलं. बस, एवढंच?

शंकेखोर:
बायबलच्या जुन्या करारावरचा, सगळीकडे फिरणारा तो संदेश वाचून डोकं फिरलं. इस्राएलचा पहिला राजा शौल. शमुवेल संदेष्ट्याकरवी देवाने त्याला सांगितलेलं, अमालेकी लोक गुरामेंढरांसकट पुरते मारून टाक; अगाग हा त्यांचा राजा. त्याआधी कनान देशात शिरताना तिथल्या लोकांना घालवायचीही आज्ञा होती. म्हणे, 'शौलाने अगाग आणि निवडक मेंढरं राखली म्हणून राज्य गेलं. इस्राएलांनी कनानी पुरते घालवले नाहीत म्हणून ते फास ठरले. अर्धवट आज्ञापालन म्हणजे आज्ञाभंगच.' शास्ते या पुस्तकातलं १:१९ वाचलंय का? परमेश्वर यहूदाच्या वंशाबरोबर होता, डोंगराळ मुलूख मिळाला, पण खोऱ्यातले लोक हटले नाहीत, कारण त्यांच्याकडे लोखंडी रथ. यात अवज्ञा कुठे आली? आणि कनानातलेच गिबोनकर? शिळ्या भाकरी, फाटक्या वहाणा दाखवून त्यांनी इस्राएलांचा पुढारी यहोशवा याला गंडवलं आणि अभयाची शपथ मिळवून जीव वाचवला. पुढे शौलाने त्यांनाच मारलं तेव्हा त्याच्यानंतरचा राजा दावीद याच्या काळात ३ वर्षं दुष्काळ! सोडलं तरी शिक्षा, मारलं तरी शिक्षा.

देवळालीकर:
अर्धंच वाचायचं आणि प्रश्न विचारायचे. रथांची सबब योसेफाच्या वंशजांनीही सांगितली होती. यहोशवाने ठणकावलं, रथ लोखंडी असले तरी तुम्ही त्यांना हाकलाल (यहोशवाचं पुस्तक, अध्याय १७). दबोरा इस्राएलची पुढारी होती तेव्हा कनानी सेनापती सीसराचे ९०० रथ होते, काय उपयोग झाला? हरलाच. खरी मेख शास्ते १:२८. इस्राएल बळकट झाले, तेव्हा कनान्यांना घालवलं नाही, वेठीला धरलं. ताकद असूनही! फुकटचा मजूर कोण सोडतो? आणि गिबोनकरांची शिक्षा शपथ मोडल्याची होती, भेसळ करू नका.

मातीचे_ढिगारे:
मुळात यहोशवाची कनानवर स्वारी झाली का? पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ यरीहो खणलं, यहोशवापुढे भिंती कोसळल्या म्हणतात ते शहर. त्यांच्या मते ते शहर इ.स.पू. १५५०च्या सुमारास पडलं, म्हणजे यहोशवाच्या कितीतरी आधी.

देवळालीकर:
इथे मेंढरं चालली आहेत, भिंती नाहीत. वेगळा धागा काढा.

पाळकांची_सून:
मेंढरांवरून आठवलं. सासूबाई आजारी, औषधांवर पेन्शन संपायची, मंडळीला द्यायचा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, पूर्ण जमेना. एका पाहुण्या उपदेशकाने भर मंडळीत, शमुवेलाने शौलाला झापलं तसं, 'शौलाची मेंढरं कुठे बेंबावताहेत ते मला ऐकू येतं' म्हटलं. सासूबाई घरी येऊन जेवल्या नाहीत. तेव्हापासून हा अध्याय निघाला की मी बाहेर जाऊन बसते.

देवळालीकर:
वाईट झालं. पण उपदेशक चुकला म्हणून शमुवेल चुकत नाही.

लोदची_नात:
आम्ही ज्यू. आजी अलिबागकडची, मी आता इस्राएलमधल्या लोदला. आमच्या पुरीम सणाला आजी होळीचा सण म्हणायची. एस्तेरचं पुस्तक वाचताना सगळ्या ज्यूंना मारायला निघालेल्या हामानाचं नाव आलं की आम्ही पोरं पाय आपटून गोंधळ घालायचो. तो अगागी, म्हणजे अगागाच्या वंशातला. एक अगाग सोडला आणि पुढे अख्ख्या जमातीवर बेतलं. आमच्या घरी हा तात्त्विक वाद नव्हता हो.

शंकेखोर:
पण अगागाला शमुवेलाने गिलगालात तुकडे करून मारलं. मग वंश आला कुठून?

लोदची_नात:
शौलाने जिवंत ठेवला तेवढ्या दिवसांत अगागाने संसार केला, असं आजी सांगायची.

शंकेखोर:
आजीचं राहू द्या. १ शमुवेल १५ म्हणतं शौलाने सगळे अमालेकी मारले. अध्याय ३०मध्ये तेच अमालेकी दावीदाचं गाव सिकलाग जाळतात, दावीदाच्या तडाख्यातून ४०० जण उंटांवरून पळतात. मग दावीदाचं आज्ञापालन पूर्ण की अर्धवट? त्याला कुणी जाब विचारला का?

देवळालीकर:
दावीदाला ती आज्ञाच नव्हती! त्याला 'पाठलाग कर, सगळं सोडवून आणशील' एवढंच सांगितलं होतं. बायकामुलांसकट त्याने सगळं परत आणलं.

लोदची_नात:
आजीचं राहू द्या म्हणजे काय? तुमचा अध्याय खरा आणि आमच्या घरचं खोटं?

शंकेखोर:
खोटं म्हटलं नाही. देवळालीकर, वेठीचा मुद्दा घ्या, दिला. पण मग फिरवायचाच असेल तर संदेशात तोच घाला, 'मजूर फुकट मिळाले म्हणून आज्ञा मोडली'. बघू किती मंडळी पुढे ढकलतात.

पाळकांची_सून:
तो तर मी आत्ताच ढकलते. सुरुवात त्या उपदेशकापासून.