मदत हवी आहे: पिकअपचं अ‍ॅव्हरेज १३.४ वरून १०.६ वर आलंय, कुठे बघू?

नमस्कार मंडळी,

आमची २०२१ ची बीएस-६ डिझेल पिकअप आहे. अडीच लिटरचं इंजिन, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला आमचं गाव. घरचा आणि शेजारच्या दोन-तीन जणांचा टोमॅटो वाशीला जातो. ७५ कॅरेट, म्हणजे दीड टन माल. गाडी मोठा भाऊ चालवतो, वही मी ठेवते. प्रत्येक फेरीला टाकी फुल, त्याच पंपावर, नोझल स्वतःहून बंद झालं की थांबायचं. पाचशेचं, हजाराचं टाकून काट्यावरून अंदाज धरणं मी दोन वर्षांपूर्वीच बंद केलं, त्यामुळे आकड्यांवर माझा भरवसा आहे.

वही अशी आहे. गेल्या सीझनला फेरी ४०२ किलोमीटर, डिझेल ३० लिटर. म्हणजे १३.४. आता फेरी ३८६ किलोमीटर आणि डिझेल ३६.४ लिटर. म्हणजे १०.६. डिझेल नव्वद रुपये धरलं तर फेरीमागे पावणेसहाशे रुपये जास्त, आणि आठवड्याला तीन फेऱ्या. बाजार पडलेला असताना हे पैसे कुणाच्या पट्टीतून (मालाच्या पैशांतून) कापायचे? शेजाऱ्यांना भाडं वाढवून सांगायला तोंड होत नाही.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, ऑइल सगळं बदललं. फरक शून्य. आमच्या इथल्या मिस्त्रीने इंजिनात डिझेल फवारणारे चारही नोझल (इंजेक्टर) बदला म्हणून सांगितलंय, खर्च चाळीस हजारांच्या घरात. तो करण्याआधी इथे विचारतेय.

न सुटणारं कोडं हे की रस्ता तर उलट सोपा झालाय. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून भाऊ तिकडूनच जातो. कसाऱ्याचा घाट नाही, ट्रॅफिक नाही. फेरीचे किलोमीटरही थोडे कमी झालेत. टोल वेगळाच, पण डिझेल तरी वाचेल असं वाटलं होतं. झालं भलतंच.

जाणकारांनी कृपया सांगा.

डिझेलमिस्त्री:

ताई, नोझलला आत्ता हात लावू नका. नोझल खराब झालं की गाडी सांगते. सकाळी थंड इंजिन चालू व्हायला वेळ घेते, आयडलला थरथरते, ओढताना काळा धूर टाकते, इंजिनाचा खटखट आवाज वाढतो. यातलं काय होतंय ते आधी सांगा. तरी शंका असेल तर लीक-ऑफ टेस्ट करून घ्या. चारही नोझलच्या रिटर्न पाइपला चार सारख्या बाटल्या लावायच्या, इंजिन काही मिनिटं चालवायचं. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त डिझेल आलं तर ते नोझल संशयित. चारही सारख्या भरल्या तर चाळीस हजार वाचले. हे न करता चारही बदला म्हणणं बरोबर नाही.

आणखी तीन गोष्टी कळवा. इंटरकूलरच्या (इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी पाइपांच्या तोंडाशी ऑइलचा ओला डाग आहे का? तिथून हवा फुटत असेल तर ओढ कमी होते आणि माणूस नकळत अ‍ॅक्सिलेटर जास्त दाबतो. दुसरं, ऑइलच्या काडीवर पातळी वरच्या खुणेच्या वर चढलीय का? बीएस-६ ला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, त्यात काजळी साठते आणि गाडी अधूनमधून जादा डिझेल सोडून ती जाळते. जाळणं चालू असताना गाडी बंद केली, पुन्हा चालू, पुन्हा बंद, असं सारखं झालं तर डिझेल वाया जातं आणि थोडं ऑइलमध्ये उतरतं. तिसरं, मार्केटच्या रांगेत गाडी चालू ठेवून किती वेळ उभी असते?

बांधावरून:

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. ड्रायव्हर वाटेत डिझेल काढतो का? आमच्याकडे हेच निघालं होतं.

(धागाकर्ती):

राग नाही, पण चालवणारा सख्खा भाऊ आहे आणि गाडी त्याच्याच नावावर आहे. ती शंका सोडून द्या.

डिझेलमिस्त्री दादा, गाडी पहिल्या सेल्फला चालू होते, धूर नाही, थरथर नाही. पाइप कोरडे आहेत. काडीवर पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे. रांगेत मात्र गाडी चालूच असते. रात्री दीड-दोन तास, पुढे सरकत सरकत. भाऊ म्हणतो सारखं बंद-चालू केलं तर स्टार्टर जातो.

घाटवाट:

पोरी, मी तेहतीस वर्षं ट्रक चालवला, अर्धं आयुष्य कसाऱ्यात गेलं. तुझ्या वहीत एक ओळ मला खटकली. समृद्धीने गेल्यावर फेरी सोळा किलोमीटरने कमी झाली म्हणतेस. जाऊन-येऊन सोळा? माझा तरी विश्वास बसत नाही. या वर्षी टायर बदलले का? बदलले असतील तर जुन्याचा आणि नव्याचा साइझ टाक. टायरच्या बाजूलाच लिहिलेला असतो.

(धागाकर्ती):

काका, ऑगस्टमध्ये चारही बदलले. जुने २१५/७५ आर १५ होते. नवे २३५/७५ आर १५. दुकानदार म्हणाला रुंद टायर भार चांगला पेलतो, डिस्कला (रिमला) बसतो, काही होत नाही. हे सांगायचं मला सुचलंच नाही.

घाटवाट:

मग तुझे सोळा किलोमीटर तिथेच आहेत, समृद्धीने कमी केलेले नाहीत.

हिशेब बघ. २१५ च्या ७५ टक्के म्हणजे १६१ मिलिमीटर ही टायरच्या एका बाजूची उंची. वर-खाली मिळून ३२२, त्यात १५ इंची डिस्कचे ३८१ मिळव. जुन्या टायरचा व्यास झाला ७०३. नव्याचा त्याच रीतीने ७३३. नवं चाक सव्वाचार टक्क्यांनी मोठं आहे. मीटरला चाकाचे फेरे तेवढे कळतात, चाक केवढं ते कळत नाही. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, म्हणून मीटर कमी किलोमीटर दाखवतं. तुझ्या ३८६ ला १.०४३ ने गुणलं की ४०२ येतात. जुनाच आकडा. ४०२ भागिले ३६.४ म्हणजे ११. तुझं खरं अ‍ॅव्हरेज ११ आहे. १०.६ हा मीटरचा आकडा.

खात्री करून घे. हायवेला किलोमीटरचे दगड असतात. पन्नास दगड मोज, मीटरवर ४८ च्या आसपास येतील.

तरी खरी घट उरतेच. टायर रुंद झाला की रस्त्यावर जास्त घासतो, आणि चाक मोठं झालं की भरलेली गाडी हलवायला इंजिनाला जोर जास्त लागतो. पुढच्या खेपेला कंपनीच्या मापाचेच घाल. तोवर दारावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा, टायर थंड असताना, दर आठवड्याला बघ. मागच्या टायरची भरल्या गाडीची हवा वेगळी असते, ती वाचून घे.

भावाला एक विचार. जुन्या रस्त्याने जायचा तेव्हा कसारा उतरताना गाडी न्यूट्रल करायचा का?

(धागाकर्ती):

हो. डिझेल वाचतं म्हणून. वडीलही तसंच करायचे.

घाटवाट:

वडिलांची गाडी जुन्या पंपाची असेल. तेव्हाही ते चूकच होतं, आता तर फायदाही नाही. या गाड्यांना कॉम्प्युटर आहे. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि नोझलमधून डिझेल पूर्ण बंद होतं. न्यूट्रल केलं की इंजिन जिवंत ठेवायला डिझेल सोडावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळतं. आणि दीड टन माल घेऊन घाटात नुसत्या ब्रेकवर उतरणं म्हणजे लाइनर तापून ब्रेक लागेनासे होणं. मी दरीत गेलेल्या गाड्या पाहिल्यात, आतली माणसं ओळखीची होती. भावाला माझं नाव सांग आणि हे आजच बंद कर. चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना.

पत्रा आणि पाइप:

मी पिकअपच्या बॉड्या बांधतो. ताई, समृद्धीवर गाडी किती वेगाने जाते आणि माल केबिनच्या किती वर जातो?

(धागाकर्ती):

वेगाचा लिमिटर ८० चा आहे. भाऊ तिथे पूर्ण दाबूनच ठेवतो. जुन्या रस्त्याला ५५-६० च्या वर जायला मिळतच नव्हतं. केबिनच्या वर पाइपचा सांगाडा आहे, त्यावर ताडपत्री. केबिनपेक्षा दोन फूट उंच असेल.

पत्रा आणि पाइप:

मग रस्ता सोपा झाला, पण हवा जड झाली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० चे ८० झाले की तो पावणेदोन पट. त्यात काकांनी टायरचं सांगितलं ते धरा. मीटरवर ८० असताना तुमची गाडी खरी ८३ ने पळतेय, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आणि केबिनच्या वरची ती दोन फूट सपाट ताडपत्री वाऱ्यापुढे भिंतीसारखी उभी आहे. पिकअपला हे फार लागतं, कारण इंजिन लहान आणि अंग मोठं. समृद्धीवर डावी लेन धरून ६५ ने चालवून बघा. ७६ किलोमीटरला पाव तास जास्त लागेल, तेवढंच. ताडपत्री पुढून घट्ट ओढून बांधा, फडफडता कामा नये. सांगाडा उतरवता आला तर उतरवाच.

डिझेलमिस्त्री:

हे दोघांचंही बरोबर आहे. रांगेत गाडी बंदच ठेवा. या इंजिनाला नुसतं उभं राहायला तासाला अर्धा ते एक लिटर लागतं, आणि काजळी साठते ती वेगळी. दर दोन मिनिटांना बंद-चालू करू नका, पण पंधरा मिनिटं हलणार नसेल तर बंद. बॅटरी चांगली असेल तर स्टार्टरला काही होत नाही.

एक राहिलं. फेरीवरून आल्या आल्या चारही चाकांजवळ जाऊन बघा, एखादं जास्त तापतंय का. हात लावू नका, भाजेल. पाण्याचे थेंब टाकून बघा. आणि कुणी डिझेल पाइपला चुंबक लावा, टाकीत अमुक बाटली ओता, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करा, डीपीएफ काढून टाका म्हणालं तर ऐकू नका. पहिल्या दोनांनी काही होत नाही. शेवटच्या दोनांनी पीयूसीची आणि कायद्याची भानगड मागे लागते.

(धागाकर्ती):

रविवारी बसून केलं ते लिहिते.

दगड मोजले. ओझरच्या पुढून सुरुवात केली, भाऊ चालवत होता, मी मोजत होते. पन्नास दगडांना मीटर ४८ ला किंचित कमी. काका, तुमचा हिशेब तंतोतंत. मी दोन महिने चुकीच्या आकड्यावर भावाशी भांडत होते.

चाकं बघितली. मागच्या डाव्या ड्रमवर चार थेंब टाकले, ते ओघळून खाली गेले. उजव्यावर टाकले तर चर्र आवाज झाला आणि वाफच आली. भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. जॅक लावून चाक फिरवलं तर हाताने अर्धा फेरासुद्धा जात नव्हतं. हँडब्रेकची केबल आतून चिखलाने धरली होती, ओढल्यावर परत येतच नव्हती. बहुतेक पावसाळ्यात वावरात गाडी घालायचो तेव्हापासूनच. केबल बदलली, लाइनर साफ करून जुळवले. मजुरीसकट दोन हजारांच्या आत.

लीक-ऑफ टेस्ट नाशिकला करून घेतली. चारही बाटल्या सारख्या. नोझल बदलत नाही.

(धागाकर्ती, तीन आठवड्यांनी):

आता किलोमीटर मी मीटरला १.०४३ ने गुणूनच लिहिते. सगळं एकदम न बदलता दोन टप्प्यांत केलं, म्हणजे वेगाने किती फरक पडला ते वेगळं कळेल.

केबल बदलल्यावर, हवा बरोबर करून आणि रांगेत गाडी बंद ठेवून पहिल्या दोन फेऱ्या: ११.७. त्यानंतर समृद्धीवर ६५: १२.६, १२.८, १२.७. वेग कमी केल्याने एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं, भावाला तर मुळीच नाही. फेरीला डिझेल ३१.७ लिटर, जे ३६.४ लागत होतं. शेजाऱ्यांचं भाडं आहे तेच ठेवलं.

सांगाडा अजून तसाच आहे, कारण माल उन्हात जातो. त्यावरच आता एक प्रश्न. येताना गाडीत फक्त रिकामी कॅरेट असतात, वजन जेमतेम सव्वाशे किलो, तरी परतीचं अ‍ॅव्हरेज मनासारखं येत नाही. यायला चढ आहे हे कळतं, पण दीड टनाचा फरक कुठे जातो? कॅरेट सांगाड्याच्या टोकापर्यंत रचलेली असतात, ताडपत्री न घालता.

पत्रा आणि पाइप:

जाळीच्या रिकाम्या कॅरेटमधून हवा आत शिरते आणि प्रत्येक भोकात अडकते. ती वजनाला हलकी, पण वाऱ्याला फार वाईट. जाताना जशी ताडपत्री ताणून बांधता तशीच येतानाही बांधा. रचताना केबिनच्या उंचीच्या वर जाऊ देऊ नका, मागे फळक्यापर्यंत पसरा. दोन फेऱ्या करून परतीचा आकडा वेगळा टाका, वाट बघतो.

(धागाकर्ती):

बुधवारी फेरी आहे. वाशीतून निघण्याआधी पुन्हा टाकी फुल करायला भावाला सांगितलंय, म्हणजे परतीचं वेगळं निघेल.